महाबळेश्वरच्या कड्यांवरील नावे

वैशाख लागला, शाळांना सुट्टी पडली, की पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागते. मुंबई-पुण्याची माणसे असतातच. परंतु बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा दूरदूरच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही मुलाबाळांसह या डोंगरावर चार दिवस विसावा घेण्यास येतात. वाई सोडून पसरणीचा घाट चढू लागले की वाऱ्याचा स्पर्श बदलतो. पाचगणीचे पठार मागे पडते, जांभळाची व हिरड्याची दाट झाडी सुरू होते आणि साडेचार हजार फुटांवरील ते गाव समोर येते. मग पॉइंट पाहण्याचा क्रम चालू होतो. सकाळी आर्थरसीट, केट्‌स पॉइंट. दुपारी वेण्णा तलावावर नौकाविहार. संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवरून सूर्यास्त. येताना मध, स्ट्रॉबेरी आणि चपला घेतल्या की सहल पुरी झाली.

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण मराठी माणसाला लहानपणापासून पाठ असते. महाबळेश्वरचा डोंगर मात्र जवळूनही साजराच दिसतो. तरीही ती म्हण या ठिकाणी निराळ्या अर्थाने खरी आहे. कड्याच्या टोकाशी उभे राहून जो देखावा पाहायचा, त्या कड्याला लॉडविक, एल्फिन्स्टन, कार्नॅक, फॉकलंड अशी नावे का पडली, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. ही नावे एकापुढे एक मांडली, तर सातारच्या छत्रपतींच्या राज्याचे शेवटचे प्रकरणच समोर उभे राहते.

इंग्रज येण्यापूर्वी हा डोंगर ओसाड होता, असा समज जुन्या वाटाड्या-पुस्तकांनी पसरवला. तो खरा नव्हे. आज ज्याला क्षेत्र महाबळेश्वर म्हणतात, तेथे कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांच्या उगमाचे स्थान मानले जाते आणि पंचगंगेच्या देवळातील गोमुखातून बारमाही पाणी वाहते. हे स्थान शतकानुशतके यात्रेकरूंचे आहे. शिवाजीमहाराजांनी १६६५ च्या जानेवारीत, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी, मातोश्री जिजाबाई आणि वयोवृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला येथेच केली. त्याआधी ९ वर्षे, म्हणजे १६५६ मध्ये, चंद्रराव मोऱ्यांची जावळी महाराजांनी घेतली होती आणि जावळीच्या रानावर नजर ठेवण्यासाठी प्रतापगड बांधविला होता. त्याच गडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा प्रसंग घडला. आज पर्यटक ज्या दरीकडे बोट दाखवून ‘किती सुंदर’ म्हणतो, त्या दरीचे मोल महाराजांनी आणि त्यांच्या शत्रूंनी निराळ्या मापाने केले होते. दाट रान, अवघड घाट आणि कोकणात उतरणाऱ्या वाटा हेच तिचे सौंदर्य होते.

डोंगरावर कोळी, कुणबी, धनगर राहत. धावड नावाचे लोक येथल्या तांबड्या दगडातून लोखंड गाळीत. पुढे विलायती लोखंड स्वस्त मिळू लागले, कोळशासाठी झाडे तोडण्यावर निर्बंध आले आणि धावडांच्या भट्ट्या थंडावल्या. त्यांच्या नावाचा पॉइंट नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मराठी सरदारांची मने सांभाळावीत, या हेतूने मुंबईचा भावी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने शिवाजीमहाराजांचे वंशज प्रतापसिंह यांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. राज्य लहान, अधिकार मर्यादित आणि शेजारी इंग्रज रेसिडेंट, अशी ती व्यवस्था होती. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने तिला लेखी रूप आले. पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट, म्हणजेच मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ, याच्या देखरेखीखाली तरुण राजा कारभार शिकला आणि १८२२ मध्ये राज्याची सूत्रे त्याच्या हाती आली.

प्रतापसिंह हे नुसते नामधारी राजे राहिले नाहीत. त्यांनी रस्ते बांधले, साताऱ्यास पाणी आणले, शाळा काढल्या, छापखाना घातला. दप्तर स्वतः पाहणारा आणि रोजनिशी ठेवणारा राजा, अशी त्यांची ख्याती होती. कंपनीच्या विलायतेतील संचालकांनी १८३५ मध्ये त्यांच्या कारभाराची प्रशंसा करून सन्मानाची तलवार पाठविली होती. ती मुंबईपर्यंत आली. राजाच्या हाती मात्र पडली नाही.

महाबळेश्वरची कहाणी याच राजाच्या कारकिर्दीत सुरू होते. १८२४ च्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या फौजेवरील अधिकारी पीटर लॉडविक हा रान तुडवीत या डोंगरावर चढला आणि पश्चिमेच्या एका सुळक्यावर जाऊन पोहोचला. येथली हवा त्याला इतकी मानवली, की त्याने तिची कीर्ती आपल्या लोकांत पसरविली. पाठोपाठ रेसिडेंट जॉन ब्रिग्ज याने १८२६ मध्ये येथे लहानसे घर बांधले आणि राजाला सुचवून साताऱ्यापासून डोंगरापर्यंत गाडीरस्ता करविला. रस्ता राजाच्या खजिन्यातून झाला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने आजारी गोऱ्या शिपायांसाठी येथे आरोग्यधाम उघडले. प्रयोग यशस्वी ठरताच त्याने राजाकडे ही जागाच मागितली. १८२९ मध्ये सौदा झाला. महाबळेश्वर कंपनीला आणि वाई प्रांतातील खंडाळा हे गाव राजाला, असा तो बदला होता. राजाने नव्या वसाहतीला गव्हर्नरच्या सन्मानार्थ माल्कमपेठ असे नाव दिले. पाहुण्याचा मान राखण्यात यजमानाने कसूर केली नाही.

डोंगरावर बंगले उठू लागले. पावसाळ्यात दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळणाऱ्या या गावी घरे टिकवायची, तर ती गवती तट्ट्यांनी शाकारून ठेवावी लागत. रस्त्यांची डागडुजी, बागांची मशागत, बाजाराला भाजी पुरविणे, ही सारी कामे करणार कोण? याचे उत्तर महाबळेश्वरच्या तुरुंगात सापडते. पिनांग, मलाक्का, सिंगापूर या इंग्रजी ठाण्यांतून जन्मठेपेवर पाठविलेले चिनी आणि मलायी कैदी येथे आणून ठेवले होते. त्यांनी रस्ते राखले, बटाट्याचे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलविले, वेताच्या खुर्च्या आणि टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये हा तुरुंग बंद झाला. सुटका झालेल्यांपैकी काहींनी येथेच राहणे पत्करले. समुद्रापलीकडच्या घरी त्यांची वाट पाहणारे कोणी उरले नसावे. आज या डोंगरावरची ताजी भाजी आणि फळे यांची वाखाणणी होते; त्या बागाइतीच्या पहिल्या वाफ्यांत या माणसांचा घाम जिरला आहे. त्यांची स्मृती सांगणारे एकच नाव उरले, ते म्हणजे चायनामन धबधबा. माणसांची नावे कोणी लिहून लावली नाहीत; जातीचे नाव पाण्याला चिकटले.

इकडे साताऱ्यात वारे फिरले. कोणत्या जहागिरींवर राजाचा अधिकार चालावा, यावरून मुंबई सरकार आणि प्रतापसिंह यांच्यात वाद उपस्थित झाला. विलायतेतील संचालकांचे मत राजाला अनुकूल होते. पण मुंबईने त्याची अंमलबजावणी केली नाही. राजाने आपली तक्रार थेट विलायतेस पाठविण्याचा विचार केला आणि तेथून त्याच्याविरुद्ध कटांच्या वार्ता उठू लागल्या. कंपनीच्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितविल्याचा पहिला आरोप. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी संधान बांधून समुद्रापलीकडून सैन्य आणविण्याचा दुसरा. नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी कारस्थान केल्याचा तिसरा. त्या काळी पोर्तुगीजांना गोव्याचाच कारभार सांभाळणे जड झाले होते. अशा सत्तेच्या बळावर साताऱ्याचा राजा इंग्रजांना हिंदुस्थानातून हाकलणार, ही कल्पना आज वाचताना हसू आणते. त्या वेळी तिच्यावर राज्य गेले.

१८३६ मध्ये चौकशीसाठी तिघांचे गुप्त मंडळ नेमण्यात आले. त्यात साताऱ्याचा तत्कालीन रेसिडेंट म्हणून एक नाव होते पीटर लॉडविक! महाबळेश्वरचा सुळका प्रथम चढून जाणारा तोच हा अधिकारी. राजाला साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची मोकळीक नव्हती. आरोपांच्या कागदांच्या प्रती त्याने मागितल्या, त्याही त्याला मिळाल्या नाहीत. लॉडविकच्या जागी पुढे ओव्हन्स हा रेसिडेंट आला आणि पुराव्याची गाठोडी वाढत गेली.

१८३९ च्या मे महिन्यात सर जेम्स रिव्हेट-कार्नॅक मुंबईचा गव्हर्नर झाला. ऑगस्टमध्ये तो साताऱ्यास आला व राजाला भेटला. गतगोष्टी विसरून जाऊ. मात्र या कागदावर सही करावी, असे त्याचे म्हणणे होते. त्या कागदाचा अर्थ तहाचा भंग केल्याची कबुली, असा होत होता. सही केली असती तर गादी राहिली असती. प्रतापसिंहांनी सही नाकारली. न केलेला अपराध कबूल करून राज्य राखण्यापेक्षा राज्य सोडणे त्यांनी पत्करले. ५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटे फौजेने राजवाडा वेढला. राजाला वाड्यातून काढून लिंब गावी नेण्यात आले आणि तेथून काशीस रवाना करण्यात आले. त्या लांबच्या वाटेवर त्यांचे आप्त बाळासाहेब सेनापती मृत्यू पावले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंहांनी काशीतच देह ठेवला. ज्याने या डोंगराची वाट बांधली, त्याला सह्याद्री पुन्हा दिसला नाही.

राजाची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. १८४० पासून जवळजवळ १४ वर्षे ते लंडनमध्ये राहिले, इंग्रजी शिकले, पत्रके छापली, सभा गाजविल्या, कर्जबाजारी झाले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याचा प्रश्न पुन्हापुन्हा निघाला. तेथे राजाच्या बाजूने बोलणाऱ्या इंग्रजांत दोघेजण असे होते, की ज्यांना सातारा आणि महाबळेश्वर ही नुसती कागदावरची नावे नव्हती. एक जनरल ब्रिग्ज. दुसरा जनरल लॉडविक. ज्याने डोंगरावर पहिले घर बांधले तो, आणि ज्याने चौकशीच्या मंडळात बसून राजाच्या विरुद्ध कागद तयार होताना पाहिले तो. लॉडविकच्या वागण्यात पश्चात्तापाचा भाग किती आणि न्यायबुद्धीचा किती, हे ठरविणे अवघड आहे. एवढे खरे, की राजाशी वर्षानुवर्षे व्यवहार केलेली ही माणसे त्याला निर्दोष मानीत होती आणि काही दिवसांच्या मुक्कामावर आलेल्या गव्हर्नराने त्याला दोषी ठरविले होते. दुरून पाहणाऱ्याला डोंगर साजरे दिसतात, तशी दुरून पाहणाऱ्याला माणसे काळी दिसतात.

लॉडविक १८७३ मध्ये वारला. पुढल्या वर्षी त्याच्या मुलाने त्या सुळक्यावर स्मारकस्तंभ उभारला. पूर्वी सिडनी पॉइंट म्हणून ओळखला जाणारा तो कडा लॉडविक पॉइंट झाला. डोंगर शोधल्याबद्दल त्याचा गौरव झाला. राजासाठी बोलल्याबद्दल नव्हे.

प्रतापसिंहांच्या जागी त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसविण्यात आले होते. आज नौकांनी गजबजलेला वेण्णा तलाव त्यांनीच १८४२ मध्ये बांधविला. ५ एप्रिल १८४८ रोजी ते निधन पावले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क होता. दत्तक मान्य करावा, राज्य चालू ठेवावे, असे मत त्याने नोंदविले. लगेच त्याच्या जागी लॉर्ड फॉकलंड आला. त्याने राज्य खालसा करण्याच्या बाजूने कौल दिला आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. औरस वारस नाही या सबबीवर डलहौसीने गिळलेले हे पहिले संस्थान. झाशी आणि नागपूर यांची पाळी पुढे आली.

कड्यांवरील नावे आता पुन्हा वाचावीत. तहाबरहुकूम राज्य टिकावे म्हणणाऱ्या क्लार्कच्या नावाचा पॉइंट प्रसिद्ध नाही. राज्य बुडविण्यास अनुकूल असणाऱ्या फॉकलंडच्या नावाचा आहे. राजाला पदच्युत करणाऱ्या कार्नॅकच्या नावाचा आहे. रस्ता बांधून, जागा देऊन, गावाला पाहुण्याचे नाव ठेवणाऱ्या राजाच्या नावाचा कडा त्या यादीत नाही. एल्फिन्स्टन या आडनावाचे मुंबईला दोन गव्हर्नर लाभले. पहिल्याने साताऱ्याची गादी उभी केली. दुसरा, लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५७ मध्ये गव्हर्नर होता. त्या वर्षी रंगो बापूजींनी साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. बेत फुटला. साताऱ्यास १७ जणांना देहान्त शासन झाले. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी निसटले, ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. अर्ज, पत्रके आणि न्यायाची भाषा यांवर उमेदीची १४ वर्षे वेचलेल्या माणसाचा हा शेवट विचार करण्याजोगा आहे.

अशा स्थळी सुट्टीला जाणाऱ्याने काय करावे? काहींच्या मते परक्यांची नावे खोडून टाकावीत. मुंबईत तसे घडलेही. मशीद बंदराजवळचा कार्नॅक पूल जुना झाल्यामुळे पाडण्यात आला आणि २०२५ मध्ये नवा पूल सिंदूर पूल या नावाने खुला झाला. त्या निमित्ताने कार्नॅक हा कोण होता आणि साताऱ्याच्या छत्रपतींशी तो कसा वागला, याची चर्चा झाली, हा लाभ म्हणावयाचा. तथापि नाव खोडले की गोष्ट संपते, असे मानणे घातक आहे. नाव गेल्यावर त्यामागचा अन्यायही विस्मरणात जातो आणि अन्याय करणाऱ्याला आणखी काय हवे असते?

लोकांच्या जिभेने याबाबतीत कधीच निवाडा दिला आहे. माल्कमपेठ हे नाव सरकारी कागदांत वर्षानुवर्षे नांदले. माणसे मात्र महाबळेश्वरच म्हणत राहिली. केट्‌स पॉइंटला गावकरी नाके खिंड म्हणून ओळखत. सत्ता पाट्या लावते. नाव टिकवायचे की नाही, हे तेथे राहणारी माणसे ठरवितात.

या डोंगराने विसाव्या शतकातही वादळे पाहिली आहेत. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवाजीमहाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा घाटातल्या वाटेवर संयुक्त महाराष्ट्रासाठी हजारो लोक निदर्शने करीत उभे होते. मुंबईसह महाराष्ट्र १९६० मध्ये झाला. बेळगावचा प्रश्न त्यानंतरही राहिला, हे सीमेवरच्या वाचकाला सांगावयास नको. २०२५ मध्ये प्रतापगड इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता देशोदेशीचे प्रवासी तो पाहण्यास येतील आणि गडावरून समोरचे उंच कडे पाहून त्यांची नावे विचारतील.

त्यांना उत्तर देणारा कोणी असावा, एवढीच अपेक्षा. पॉइंटवर घोडे घेऊन उभी असणारी मुले सूर्यास्ताची वेळ बिनचूक सांगतात, माकडांपासून सांभाळा म्हणून बजावतात, कोणत्या कड्यावरून टाकलेली टोपी वर येते तेही दाखवितात. हा कार्नॅक कोण, असे मात्र त्यांना कोणी विचारीत नाही. म्हणून तेही सांगत नाहीत. सुट्टीवर आलेल्या कुटुंबातील एखाद्या मुलाने तो प्रश्न विचारला आणि आईवडिलांना काशीत देह ठेवणाऱ्या राजाची, लंडनच्या धुक्यात अर्ज लिहीत बसलेल्या त्याच्या वकिलाची आणि घरी परत न गेलेल्या चिनी कैद्यांची हकिगत सांगता आली, तर सहलीचा आनंद उणावणार नाही. दरी तितकीच खोल दिसेल, सूर्यास्त तितकाच तांबडा दिसेल. साताऱ्याकडे उतरताना मात्र, ही वाट प्रथम कोणी बांधली, याची आठवण सोबतीला असेल.